बदलाचे स्वातंत्र्य आणि स्थैर्याचे मूल्य : डेस्कटॉप लिनक्सची एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणक प्रणालीचा विचार बहुधा तंत्रज्ञानाच्या अंगाने होतो. ती रोज वापरणाऱ्या माणसाच्या अंगाने तो क्वचितच होतो. लिनक्सच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि लिनस तोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला कर्नल यांच्या संयोगातून उभ्या राहिलेल्या या प्रणालीचे समर्थन नेहमी 'स्वातंत्र्य' या मूल्याच्या आधारे केले जाते. आज्ञावली वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे हे स्वातंत्र्य होय. तथापि बदलण्याचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात उपभोगतो तो आज्ञावलीकार आणि बदल ज्याच्या वाट्याला येतो तो वापरकर्ता. या दोहोंमधील अंतराकडे मुक्तस्रोत चळवळीने पुरेसे लक्ष दिले नाही, अशी मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

लिनक्स ही एका कंपनीची वस्तू नाही, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. कर्नल एका गटाचा, ध्वनियंत्रणा दुसऱ्याची, पडद्यावरील खिडक्या व मेनू तिसऱ्याचे. हे सर्व जुळवून जो संच वापरकर्त्याला मिळतो त्यास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. उबुंटू हे डिस्ट्रिब्यूशन ऑक्टोबर २००४ पासून साधारणतः दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती काढते. फेडोराचा वेगही जवळपास तोच आहे. घटकांपैकी एकाने दिशा बदलली की तिचा धक्का संपूर्ण संचाला बसतो.

दोन संक्रमणे

केडीई या डेस्कटॉपची ३.५ ही आवृत्ती २००५ च्या अखेरीस आली आणि ती परिपक्व मानली गेली. जानेवारी २००८ मध्ये ४.० आली, ती जवळजवळ नव्याने लिहिलेली होती. खालच्या पट्टीची उंची बदलण्यासारखी साधी सोयही तिच्यात प्रारंभी नव्हती. ४.० म्हणजे पायाभरणी आहे, सर्वसामान्यांच्या रोजच्या वापराची वस्तू नव्हे, असा खुलासा प्रकल्पातील मंडळींनी केला. परंतु क्रमांकावर '४.०' असे लिहिलेले होते आणि फेडोराने मे २००८ मध्ये तीच आवृत्ती दिली. तयार झालेली नाही असे ज्या वस्तूविषयी तिचे निर्मातेच सांगतात, ती पूर्ण क्रमांकासह प्रसिद्ध करणे आणि नंतर गोंधळाचे खापर डिस्ट्रिब्यूशनवर फोडणे, हे समर्थनीय वाटत नाही. स्वतः तोरवाल्ड्स यांनी केडीई सोडून ग्नोमचा आश्रय घेतला.

तो आश्रयही फार काळ टिकला नाही. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ प्रसिद्ध झाले. त्यात चालू खिडक्यांची पट्टी गेली, डेस्कटॉपवरील चिन्हे गेली, खिडकी लहान-मोठी करण्याची बटणेही मूळ मांडणीतून गेली. तोरवाल्ड्स यांनी त्यावर कठोर टीका करून काही काळ एक्सएफसीई वापरले. पुढे ते ग्नोमकडे परतले. याच महिन्यात उबुंटूने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप सर्वांसाठी पुढे केला. सहा वर्षांनी, एप्रिल २०१७ मध्ये, मार्क शटलवर्थ यांनी तो सोडून देण्याची घोषणा केली आणि ऑक्टोबरमध्ये उबुंटू ग्नोमकडे वळले. वापरकर्ता युनिटीला सरावला आणि युनिटी संपली.

ग्नोमच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. ज्यांना जुने हवे त्यांनी विस्तार, म्हणजे एक्स्टेन्शन, जोडून घ्यावेत. परंतु हे विस्तार स्वतःच अस्थिर आहेत. सप्टेंबर २०२३ मधील ग्नोम ४५ ने विस्तार लिहिण्याची पद्धतच बदलली. त्यामुळे तोवरचे सर्व विस्तार सुधारून घेतल्याशिवाय चालेनासे झाले. तक्रारीवरचा उपाय पुन्हा त्याच तक्रारीचा विषय व्हावा, हे या व्यवस्थेचे बोलके लक्षण आहे.

या प्रवृत्तीचे निदान फार पूर्वी झाले होते. नेटस्केपच्या आरंभीच्या आज्ञावलीकारांपैकी एक असलेले जेमी झाविन्स्की यांनी २००३ मध्येच ग्नोमवर असा आक्षेप घेतला होता की, जुने दोष दुरुस्त करण्याऐवजी आज्ञावली नव्याने लिहिली जाते आणि जुन्या दोषांच्या नोंदी कालबाह्य ठरवून बंद केल्या जातात. त्यांचा सूर बोचरा होता. निदान मात्र खोटे म्हणता येत नाही. दोष दुरुस्त करणे हे कंटाळवाणे काम आहे. नवनिर्मितीत आनंद आहे. विनावेतन काम करणारा आनंदाकडे झुकला तर त्यास दोष देता येत नाही. पण यामागे वेतन देणाऱ्या कंपन्याही आहेत, आणि त्यांना ही सबब लागू पडत नाही.

कर्नलचा नियम

येथे एक विसंगती पुढे येते. ज्या कर्नलवर हे सारे उभे आहे, त्याच्यापुरता तोरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे. कर्नलमधील बदलामुळे वापरकर्त्याची चालू आज्ञावली बंद पडली, तर दोष कर्नलचा. डिसेंबर २०१२ मध्ये एका सहकाऱ्याने उलट बाजू घेतली असता तोरवाल्ड्स यांनी त्यास अत्यंत तिखट शब्दांत सुनावले होते. (कर्नलच्या अंतर्गत रचनेला हे अभय नाही, म्हणून बाहेरून जोडलेले ड्रायव्हर अद्ययावतीनंतर अडतात.) कर्नलच्या वरच्या थरांत मात्र असा नियम कोणी सर्वांवर लादू शकला नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये डेबियनच्या परिषदेत तोरवाल्ड्स यांनीच तक्रार केली की, पाणबुड्यांच्या नोंदींसाठी त्यांनी सुरू केलेली सबसर्फेस ही आज्ञावली विंडोज व मॅकसाठी तयार करून देता येते, लिनक्ससाठी मात्र प्रत्येक डिस्ट्रिब्यूशनचे वेगळे सोपस्कार करावे लागतात. त्यावर पुढे स्नॅप, फ्लॅटपॅक आणि अ‍ॅपइमेज असे उपाय रूढ झाले. एका प्रश्नाची तीन उत्तरे, आणि तिन्हींचे आपसांत जमत नाही!

'लिनक्स अस्थिर आहे' असे सरसकट विधान अर्थातच करता येणार नाही. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी येते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढले, तेव्हा तेथील वापरकर्त्यांचीही तीच गत झाली. पण वर्षभरात ते बटण परतले. ग्नोम २ परतले नाही. ते टिकवण्यासाठी वेगळ्या मंडळींना मेट हा प्रकल्प चालवावा लागला, केडीई ३ साठी ट्रिनिटी. म्हणजे न बदलण्याचे स्वातंत्र्य आहे, परंतु ते ज्यांना स्वतः आज्ञावली सांभाळता येते त्यांच्यामार्फतच मिळते.

मराठी वापरकर्त्याच्या संदर्भात

मराठीतून संगणक वापरणाऱ्यावर हा भार दुहेरी पडतो. देवनागरी टंकलेखनासाठी अनेक डिस्ट्रिब्यूशनांत सिम ही यंत्रणा होती. २००९ च्या सुमारास तिची जागा आयबसने घेतली. इन्स्क्रिप्ट कळफलक तोच राहिला, पण त्याची मांडणी करण्याची जागा बदलली. भाषा पालटण्यासाठी पूर्वी कंट्रोल व स्पेस या कळा होत्या. ग्नोम ३ च्या काळात सुपर व स्पेस आल्या. तंत्रज्ञाला ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु ग्नोम २ च्या मेनूची चित्रे छापून तयार केलेली प्रशिक्षण-पुस्तिका २०११ नंतरच्या पडद्याशी जुळत नाही, आणि ती पुन्हा छापण्याचा खर्च कोणत्याही प्रकल्पाच्या हिशेबात धरलेला नसतो.

भाषांतराची स्थिती याहून बिकट आहे. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द बदलला तरी त्याचे मराठी भाषांतर संशयित ठरून बाजूला ठेवले जाते, आणि कोणी ते पुन्हा तपासून मान्य करेपर्यंत पडद्यावर इंग्रजी वाक्यच दिसते. मोठ्या भाषांना तपासणारे हात पुष्कळ असतात. मराठीत ते मोजकेच आहेत. डेस्कटॉप नव्याने लिहिला गेला की हजारो वाक्ये नवी होतात. मेटने ग्नोम २ ची आज्ञावली उचलली तेव्हा तिच्यासोबत तिची जुनी मराठी वाक्येही आली आणि तेथे वापरात राहिली. ग्नोम ३ च्या नव्या पडद्यांसाठी मात्र भाषांतरकारांना पुन्हा बसावे लागले.