प्रश्नकर्त्याची भाषा : ‘कोण होणार करोडपती’ आणि नागराज मंजुळे

१

दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालन हा विषय मराठी समीक्षेने आपल्या कक्षेबाहेरचा मानला आहे. नाटक, चित्रपट, फार तर आकाशवाणीवरील श्रुतिका येथपर्यंत समीक्षकाची दृष्टी पोचते. परंतु ज्याचे बोलणे रोज रात्री लक्षावधी घरांत ऐकले जाते, त्या माणसाच्या भाषेचा विचार वृत्तपत्रांतील करमणुकीच्या स्तंभांवर सोडून दिला जातो. ही उपेक्षा योग्य नव्हे. सूत्रसंचालकाचे बोलणे हा भाषाव्यवहाराचा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्यातही प्रश्नमंजूषेचे सूत्रसंचालन भाषाभ्यासकाला विशेष उद्‌बोधक ठरावे असे आहे. कारण तेथे एक माणूस दुसऱ्याला प्रश्न विचारतो, ही भाषेतील अत्यंत प्राथमिक घटना सर्वांच्या समक्ष आणि ठरीव नियमांनी घडते.

या कामाला मराठीत जे शब्द रूढ झाले, तेही सूचक आहेत. आकाशवाणीने ‘निवेदक’ हा शब्द रुळवला आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर तो तेथेही आला. निवेदन म्हणजे नम्रपणे सांगणे. अधिकाऱ्यापुढे प्रजाजन निवेदन देतो. निवेदक हा श्रोत्यांचा सेवक होता. पुढे ‘सूत्रसंचालक’ हा शब्द प्रचारात आला. त्याचे नाते संस्कृत नाटकातील सूत्रधाराशी आहे. ज्याच्या हाती दोर, त्याच्या तंत्राने खेळ. सांगणाऱ्याकडून चालविणाऱ्याकडे झालेला हा अर्थप्रवास केवळ शब्दांचा नाही. प्रश्नमंजूषेत तो पूर्णत्वास जातो. कारण तेथे दोर आणि उत्तर दोन्ही एकाच माणसाच्या हाती असतात.

२

येथे ज्या कार्यक्रमाचा विचार करावयाचा आहे त्याचा आराखडा मूळ इंग्लंडातील. ४ सप्टेंबर १९९८ रोजी तेथील आयटीव्ही वाहिनीवर क्रिस टॅरंट यांच्या सूत्रसंचालनाखाली तो सुरू झाला. भारतात दूरदर्शनवर १९८५ मध्ये सिद्धार्थ बसू यांच्या ‘क्विझ टाइम’ने प्रश्नमंजूषेला प्रतिष्ठा मिळवून दिली होती, परंतु तो विद्यार्थ्यांचा आणि इंग्रजीचा प्रांत होता. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाला आणि अमिताभ बच्चन यांच्या वाणीने हा खेळ हिंदी जाणणाऱ्या प्रत्येक घरात नेला. त्या पहिल्याच वर्षी एक कोटी रुपये जिंकणारे हर्षवर्धन नवाथे हे मुंबईचे मराठी तरुण होते आणि ते स्पर्धापरीक्षेची तयारी करीत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. खेळ आणि परीक्षा यांचे सगोत्रत्व त्यातून उघड झाले.

मराठीत हा आराखडा २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर ‘कोण होईल मराठी करोडपती’ या नावाने आला. सूत्रसंचालक होते सचिन खेडेकर. रंगभूमीवर आणि चित्रपटांत कसलेल्या नटाची ती वाणी होती : उच्चार स्वच्छ, आरोहावरोह जाणते, थांबण्याच्या जागा नेमक्या. २०१६ मध्ये, वाहिनीचे नाव कलर्स मराठी झाल्यानंतर, स्वप्निल जोशी यांनी ती जागा घेतली. २०१९ मध्ये हाच खेळ सोनी मराठीवर ‘कोण होणार करोडपती’ या नावाने नव्याने सुरू झाला, तेव्हा सूत्रसंचालनासाठी नागराज मंजुळे यांची निवड झाली. २०२१ पासून पुन्हा खेडेकर आले. म्हणजे मंजुळे यांची कारकीर्द एका पर्वापुरती. परंतु विचाराला खाद्य पुरविणारे पर्व तेच आहे.

३

प्रश्न दोन प्रकारचे असतात. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते, ते मिळावे म्हणून तो विचारतो, तो खरा प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असते, समोरच्याला ते येते की नाही हे त्याला पाहावयाचे असते, तो परीक्षेचा प्रश्न. हा भेद भाषेच्या तत्त्वज्ञानात जॉन सर्ल यांनी १९६९ मध्ये स्पष्ट केला आहे. व्याकरणदृष्ट्या दोहोंची रचना एकच असते. भेद आहे तो विचारणारा आणि विचारला जाणारा यांच्या नात्यात. खऱ्या प्रश्नात विचारणारा गरजू असतो. परीक्षेच्या प्रश्नात तो न्यायाधीश असतो.

उत्तर जाणणाऱ्याने प्रश्न विचारणे ही पद्धत मराठी लोकपरंपरेला अपरिचित नाही. कोडे घालणाऱ्याला कोड्याचे उत्तर माहीत असतेच. कलगी-तुऱ्याच्या फडांत एका पक्षाचा शाहीर दुसऱ्याला भेदिक सवाल टाकतो : तुरेवाला शिवाचे श्रेष्ठत्व मांडणार, कलगीवाला शक्तीचे. परंतु या परंपरेत एक अट अध्याहृत आहे. ज्याने सवाल ऐकला त्याला सवाल टाकण्याचाही अधिकार असतो. कोडे सोडविणारी मुलगी लगेच आपले कोडे घालते. प्रश्नाची पाळी फिरते, आणि पाळी फिरते म्हणूनच तो खेळ असतो.

दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत ही पाळी फिरत नाही. स्पर्धक केवळ उत्तरे देतो, तीही चार पर्यायांतून निवडून. मूळ आराखड्यात एकच जागा अशी आहे की जेथे स्पर्धक प्रश्नकर्ता बनतो : मित्राला दूरध्वनी करण्याची मुभा. मोजक्या सेकंदांत त्याला तोच प्रश्न दुसऱ्या कोणाला तरी विचारावा लागतो, आणि आता तो खरा प्रश्न असतो, कारण विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नाही. त्या क्षणी स्पर्धकाच्या आवाजात होणारा बदल कोणत्याही प्रेक्षकाला जाणवतो. वाचल्या गेलेल्या वाक्याची जागा बोललेले वाक्य घेते.

४

मंजुळे या खुर्चीवर आले ते नट म्हणून नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात जेऊर येथे त्यांचे बालपण गेले. पुणे विद्यापीठात त्यांनी मराठीचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा कवितासंग्रह आहे. त्यांच्या चित्रपटांकडे सूत्रसंचालनाच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट नजरेत भरते. त्यांत शाळा हे स्थळ पुन्हा पुन्हा येते, आणि दर वेळी प्रश्न असतो तो शाळेच्या आत कोण व बाहेर कोण हा. ‘पिस्तुल्या’ या लघुपटातील मुलाला शाळेची ओढ आहे, पण घरची परिस्थिती त्याला आत जाऊ देत नाही. ‘फँड्री’ (२०१३) मधील जब्या वर्गात बसतो, पण गावाने त्याच्यावर मारलेला जातीचा शिक्का वर्गाच्या भिंती ओलांडून आत येतो. ‘सैराट’ (२०१६) मध्ये तर सत्ताधाऱ्याचा मुलगा भर वर्गात प्राध्यापकाच्या थोबाडीत मारतो. ज्ञान विचारण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकार कोणत्या सत्तेपुढे लटका ठरतो, हा या कलावंताच्या आस्थेचा विषय होता. अशा माणसाला परीक्षकाच्या खुर्चीवर बसविण्यात वाहिनीचा व्यावसायिक हेतू काहीही असो, त्यातून एक खरा अंतर्विरोध निर्माण झाला, आणि तो त्यांच्या भाषेत उमटला.

खेडेकरांचे बोलणे रंगमंचाचे. मंजुळे यांचे बोलणे ओट्यावरचे. आवाज खालचा, गती संथ, आणि उच्चारांत सोलापुरी वळण लपविण्याचा प्रयत्न नाही. मराठी दूरचित्रवाणीवर बोलीला दीर्घकाळ एकच काम दिले गेले होते : हसविणे. बोलीत बोलणारे पात्र हे गडी, मावशी किंवा विदूषक असावयाचे. येथे मात्र प्रश्न विचारणाऱ्याच्या, म्हणजे अधिकाराच्या, जागी बसलेल्या माणसाच्या मराठीला गावाचा वास होता. या बदलाचे मोल कमी लेखता येणार नाही.

दुसरी गोष्ट सर्वनामांची. मराठीतील ‘आपण’ हे सर्वनाम दोन कामे करते. ‘आपण कोठून आलात?’ यात ते समोरच्याचा आदर करते आणि त्याच वेळी त्याला दूर ठेवते. ‘आपण पुढचा प्रश्न पाहू’ यात ते बोलणारा व ऐकणारा या दोघांना एका बाजूला घेते. हिंदीतील ‘आप’ला ही दुसरी शक्ती नाही, त्यामुळे बच्चन यांच्या आदबीत दरबाराचा थाट येतो आणि अंतर कायम राहते. मराठी सूत्रसंचालकाला मात्र भाषेनेच एक सोय करून दिली आहे : परीक्षक असूनही तो ‘आपण’ म्हणून परीक्षार्थ्याच्या बाकावर जाऊन बसू शकतो. मंजुळे यांच्या शैलीचा कल या दुसऱ्या ‘आपण’कडे आहे. ‘लॉक’ हा परका शब्द आराखड्याबरोबर आला तो तसाच राहिला. पण त्याच्या आजूबाजूचे वाक्य घरचे झाले.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे दोन प्रश्नांमधील संभाषण. गाव कोणते, आईवडील काय करीत, शिक्षण कशाने थांबले, पैसे मिळाले तर काय करावयाचे, हे खरे प्रश्न आहेत; विचारणाऱ्याजवळ त्यांची उत्तरे नाहीत. कार्यक्रमाच्या दृष्टीने ही केवळ भर असते, स्पर्धकाचे दुःख प्रेक्षकांना विकण्याची सोयही असते, आणि या शैलीवर तसा आक्षेप घेता येईल. मंजुळेही त्या आक्षेपातून सर्वस्वी सुटत नाहीत. तथापि ऐकून घेताना ते घाई करीत नाहीत, आणि न घाई करणे ही दूरचित्रवाणीवर दुर्मीळ अशी नैतिक कृती आहे.

५

परंतु शैलीची थोरवी सांगून थांबणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय. सूत्रसंचालकाची भाषा कितीही आपुलकीची असली, तरी गुण कशाला मिळतात हे तो ठरवीत नाही. ही मर्यादा पाहण्यासाठी करमाळ्याहून उत्तरेस, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर यावे लागते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर नावाचे गाव आहे. ‘वावर’ हा शब्द मराठीत शेताला वापरतात आणि हिंडण्याफिरण्यालाही. महाराष्ट्राला मात्र हे गाव ठाऊक झाले ते यांपैकी कशानेही नव्हे. १९९२-९३ मध्ये, हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना, वावर-वांगणी परिसरात कुपोषणाने बालके दगावली, आणि त्या दोन जोडनावांनी राज्य हादरले. त्यानंतर १९९५ मध्ये शासनाची नवसंजीवनी योजना आली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. तेव्हापासून जव्हार-मोखाडा हे शब्द सामान्यज्ञानात जाऊन बसले. कुपोषणग्रस्त तालुके कोणते, या प्रश्नाचे ते उत्तर झाले.

येथे विचाराला धक्का बसावा. वावर हे गाव उत्तर म्हणून पर्यायांत येऊ शकते. पण वावरच्या माणसाला जे ठाऊक आहे, ते प्रश्न म्हणून कधी येत नाही. नागली आणि वरई डोंगरउतारावर कशी लावावी, पावसाळ्याच्या तोंडी धान्य संपले म्हणजे रानातील कोणता कंद किती वेळा उकळल्यावर खाण्याजोगा होतो, कणसरीची कथा कोणत्या प्रसंगी सांगावी, हे ज्ञान आहे. ते अचूक आहे, पिढ्यांनी तपासलेले आहे, आणि त्यातील चूक जिवावर बेतू शकते. तरीही ते ‘सामान्य’ज्ञान नव्हे, कारण सामान्य काय हे ठरविणाऱ्यांत तेथील कोणी नाही. वारली बोलीची नोंद ग्रिअर्सन यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात मराठीच्या पोटात केली. बोली मराठीची ठरली. तिच्यात साठविलेले ज्ञान मात्र मराठीचे ठरावयाचे अजून राहिले आहे.

याच संदर्भात २०१९ मधील दुसरी घटना आठवते. त्या वर्षी हिंदी कार्यक्रमात अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. त्या शाळेतील मुलांसाठी खिचडी शिजवीत, महिना दीड हजार रुपये मानधनावर. देशाने त्यांचे कौतुक केले ते स्वयंपाकीणबाईला एवढे ‘ज्ञान’ कसे, या आश्चर्यापोटी. शेकडो मुलांचे रोजचे अन्न वेळेवर आणि पुरेसे शिजविणे हे स्वतःच ज्ञान आहे, आणि ज्या राज्याने वावर-वांगणी पाहिले त्या राज्यात ते साधे ज्ञान नव्हे, असे मात्र कोणाला वाटले नाही. त्या ज्ञानाचे मोल दीड हजारच राहिले.

६

यावरून मंजुळे यांच्या कामगिरीचे नेमके माप घेता येते. त्यांनी परीक्षेच्या प्रश्नांच्या सांदीत खऱ्या प्रश्नांना जागा करून दिली, आणि अधिकाराच्या जागी बोलीला बसविले. पण बक्षिसाच्या पायऱ्या परीक्षेच्या प्रश्नांनीच चढाव्या लागतात. खऱ्या प्रश्नांच्या उत्तरांना एक रुपयाही नाही. ही त्रुटी सूत्रसंचालकाची नव्हे, आराखड्याची आहे. तिच्यावर मात करणे एका माणसाच्या शैलीला शक्य नव्हते. ती दिसू लागली, हेच त्या शैलीचे यश.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने या कार्यक्रमाकडे वरून पाहण्याचे मात्र कारण नाही. शब्दसूची घेऊन जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर जाणारा संशोधक ‘याला तुमच्याकडे काय म्हणतात?’ असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न स्वभावतः खरा असतो; उत्तर त्याच्याजवळ नसते, ते समोरच्या म्हातारीजवळ असते. तरीही सूचीतील रिकामे रकाने भरण्याच्या घाईत तो अनेकदा परीक्षकाच्या सुरात बोलू लागतो, आणि म्हातारी आपले उत्तर चुकेल की काय म्हणून गप्प होते. पाहुण्याला बरा वाटेल असा प्रमाण शब्द ती पुढे करते आणि आपला शब्द मागे ठेवते. सर्वेक्षणात प्रमाण रूपांची अनपेक्षित गर्दी दिसते, तिचे एक कारण येथे शोधावे. अशा वेळी वही मिटून थोडे थांबावे, आणि पुढचा प्रश्न तिला विचारू द्यावा. पाळी फिरली की खेळ सुरू होतो, आणि पुष्कळदा शब्दही तेव्हाच मिळतो.