संगणक रुग्णाला काय शिकवतो?

कळ दाबली की पडद्यावरचे चित्र बदलते. एवढ्यावरून एखाद्या साधनाला 'परस्परसंवादी' म्हणावे का? शाळेतील साधनांबाबत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. रुग्णशिक्षणाच्या साधनांबाबतही तो विचारायला हवा. स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड गुस्ताफसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेली 'चेस' ही संगणकप्रणाली या दृष्टीने तपासून पाहू.

मुळात असे साधन हवे कशाला? कारण या रोगात अनेकदा रुग्णालाच निवड करावी लागते. सुरुवातीच्या अवस्थेतील रोग असलेल्या १८५१ स्त्रियांच्या एका अमेरिकन चाचणीचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. संपूर्ण स्तन काढला काय किंवा केवळ गाठ काढली काय, जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मात्र गाठ काढून किरणोपचार घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के स्त्रियांना त्याच स्तनात रोग पुन्हा झाला. किरणोपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ३९.२ टक्के होते. अशा वेळी कोणता मार्ग पत्करायचा, हे एकट्या डॉक्टरांनी ठरवणे योग्य नाही. रुग्णाला हे आकडे समजायला हवेत.

'चेस'मध्ये प्रश्नोत्तरे, इतर रुग्णांचे अनुभव, तज्ज्ञांना प्रश्न विचारण्याची सोय, निर्णयासाठी मदत आणि रुग्णांचा चर्चागट हे सारे एकत्र होते. तिच्या चाचणीचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. साठ वर्षांखालील २४६ नवे रुग्ण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले होते. एका गटाला घरी 'चेस' मिळाली, दुसऱ्याला या विषयावरील एक प्रसिद्ध पुस्तक. दोन महिन्यांनी 'चेस' गटातील स्त्रिया माहिती मिळवण्यात अधिक सक्षम होत्या. उपचारांच्या निर्णयांत त्या अधिक मोकळेपणाने भाग घेत होत्या आणि त्यांचा डॉक्टरांवरील विश्वासही अधिक होता. वंचित गटांतील स्त्रियांना विशेष लाभ झाला. ही बाब आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

तरीही दोन आक्षेप राहतात. पाच महिन्यांनी माहिती मिळवण्याची क्षमता आणि सामाजिक आधार यांत फरक दिसला. विश्वास आणि सहभाग यांतील लक्षणीय फरक मात्र उरला नव्हता. दुसरे असे, की चाचणी संपूर्ण प्रणालीची होती. लाभ पडद्यावरील माहितीमुळे झाला, की चर्चागटातील मैत्रिणींमुळे, हे तिच्यातून वेगळे काढता येत नाही.

यावर थोडा प्रकाश २००८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीने टाकला. तिच्यात २५७ स्त्रिया होत्या. केवळ इंटरनेट मिळालेल्यांची स्थिती तुलनेसाठीच्या गटापेक्षा बरी आढळली नाही. 'चेस' वापरणाऱ्यांची आढळली. म्हणजे माहितीचा ढीग उपलब्ध करून देणे हे शिक्षण नव्हे. ती निवडून, रचून, माणसांच्या सोबतीने द्यावी लागते.

माणसांची गरज आणखी एका अभ्यासात दिसते. आनुवंशिक स्तनकर्करोगाची जनुकीय तपासणी करावी का, याविषयीच्या संगणक-कार्यक्रमाची तुलना प्रत्यक्ष समुपदेशनाशी केली गेली. हे निष्कर्ष २००४ सालचे. धोका कमी असलेल्या स्त्रियांच्या ज्ञानात संगणकाने अधिक भर घातली. पण चिंता कमी करण्यात आणि आपल्याला असलेल्या धोक्याचा योग्य अंदाज देण्यात समुपदेशक सरस ठरले. चाचणी-परीक्षेत गुण मिळाले म्हणजे विषय उमगला असे नाही, हे शिक्षकांना वेगळे सांगायला नको.

म्हणून आमचे मत असे, की 'चेस'सारखी साधने जरूर वापरावीत. परंतु समुपदेशकाचे पद वाचवण्यासाठी नव्हे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी अशा कोणत्याही साधनाची स्तुती वाचताना तीन प्रश्न विचारावेत. तुलनेच्या गटाला काय दिले होते? नेमके काय मोजले? आणि किती दिवसांनी मोजले?