कोणतं बायबल? तळटीप लिहिण्याआधीचा प्रश्न

संशोधनाच्या आराखड्यांमध्ये एक तळटीप वारंवार दिसते: 'बायबल, उत्पत्ती १:६'. बस्स, एवढंच. अनुवाद कुठला, कोणी छापला, कोणत्या साली, काही पत्ता नाही. हाच विद्यार्थी ज्ञानेश्वरीचा दाखला देताना राजवाडे प्रत की साखरे प्रत हे आवर्जून लिहितो. प्रयोगशाळेत असेल तर रसायनाच्या बाटलीवरचा बॅच नंबरसुद्धा वहीत टिपतो. बायबलची वेळ आली की मात्र मोबाइलवरच्या ॲपने जे पहिलं उघडलं तेच 'बायबल' होऊन बसतं. साहित्य, इतिहास, स्त्री-अभ्यास, भाषाविज्ञान, विज्ञानाचा इतिहास, इतकंच काय यांत्रिक भाषांतर, यातल्या कुठल्याही विषयात हे पुस्तक कधीतरी वाटेत येतंच. म्हणून हा लेख श्रद्धेसाठी बायबल कसं निवडावं याबद्दल नाही. आपल्या प्रश्नाला कोणती प्रत चालेल आणि कोणती घात करेल, एवढंच इथे बघायचं आहे.

आधी एका लोकप्रिय तक्त्याबद्दलची माझी तक्रार. बायबल निवडण्याच्या बहुतेक मार्गदर्शनात एक आडवी पट्टी असते. एका टोकाला 'शब्दशः', दुसऱ्या टोकाला 'भावार्थ'. पट्टीवर इंग्रजी अनुवाद मण्यांसारखे ओवलेले: शब्दशः बाजूला किंग जेम्स आणि ईएसव्ही, मध्यावर एनआयव्ही, भावार्थाकडे गुड न्यूज, आणि अगदी टोकाला 'द मेसेज'. बघायला सोपं आहे, शिकवायलाही सोपं आहे. पण ज्याने एकदा तरी बहुचल विदा हाताळली आहे त्याला खटकायला हवं, कारण इथे चार-पाच स्वतंत्र चलं एका अक्षावर दाबून बसवली आहेत. मूळ संहिता कोणती घेतली, त्यात पुस्तकं किती, वाचक कोण गृहीत धरला, टीपा आहेत का, हे सगळं त्या पट्टीत गडप होतं. दोन अनुवाद पट्टीवर अगदी शेजारी असतील आणि तरी तुमच्या प्रश्नाला नेमकी उलटी उत्तरं देतील.

ईएसव्हीचंच बघा. १९५२ साली आरएसव्हीचा जुना करार आला. यशया ७:१४ मधल्या 'अल्मा' या हिब्रू शब्दासाठी त्यात 'कुमारी' ऐवजी 'तरुण स्त्री' छापलं होतं. हिब्रूच्या दृष्टीने ते योग्यच होतं. 'कुमारी' हा अर्थ येतो तो सेप्टुआजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरातून, आणि मत्तयाचं शुभवर्तमान त्याच ग्रीक शब्दावर उभं आहे. पण अमेरिकेत गदारोळ झाला, एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळलं. पुढे २००१ मध्ये ईएसव्ही आली. ती याच आरएसव्हीची सुधारित आवृत्ती, पण तिच्यात 'कुमारी' परत आली. म्हणजे वंश एक, पद्धत एक, पट्टीवरची जागा जवळजवळ एक, आणि कळीच्या शब्दावर निर्णय वेगळा. हा फरक शब्दशः की भावार्थ या प्रश्नाचा नाहीच, वाचक कोण आहे या प्रश्नाचा आहे.

दुसरं चल मूळ संहितेचं, आणि माझ्या मते सगळ्यात जड तेच. नव्या कराराचं एकच एक मूळ हस्तलिखित आपल्याकडे नाही. हजारो प्रती आहेत आणि त्यांच्यात पाठभेद आहेत. १६११ चं किंग जेम्स ज्या ग्रीक संहितेवर बेतलं, ती इरॅस्मसच्या १५१६ च्या छापील आवृत्तीपासून सुरू झालेल्या परंपरेतली. इरॅस्मसने पहिल्या दोन आवृत्त्यांत १ योहान ५:७ मधलं त्रैक्यावरचं प्रसिद्ध वाक्य घेतलं नव्हतं, कारण ग्रीक प्रतींत त्याला ते सापडलं नाही. टीका झाली, आणि १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते आलं. तिथून ते किंग जेम्समध्ये उतरलं. आजच्या चिकित्सक आवृत्त्यांच्या मुख्य मजकुरात ते नसतं. विज्ञानाच्या मंडळींसाठी इथे एक गंमत आहे. या वाक्यावर हल्ला चढवणाऱ्यांत आयझॅक न्यूटनही होता. १६९० मध्ये त्याने जॉन लॉकला यावर एक लांबलचक पत्ररूपी प्रबंध पाठवला. तो छापला गेला १७५४ मध्ये, न्यूटनच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. न्यूटनच्या धर्मविचारावर काम करायचं आणि हातात त्या वाक्याचा मागमूस नसलेली आधुनिक प्रत घ्यायची, तर न्यूटन कशाशी भांडतोय हेच दिसणार नाही. अशा कामासाठी किंग जेम्सच हवं.

पण 'किंग जेम्स' तरी कोणतं? बाजारात मिळतं त्या बहुतेक प्रतींतला मजकूर १७६९ च्या ऑक्सफर्ड आवृत्तीचा असतो. शुद्धलेखन, विरामचिन्हं, काही शब्दही १६११ पेक्षा वेगळे. १६११ च्या प्रतीत अपॉक्रिफा नावाचा ग्रंथसमूह होता, आजच्या बहुतेक प्रतींत तो नाही. सतराव्या शतकातल्या इंग्रजीवर निबंध लिहिणाऱ्याने १७६९ चं स्पेलिंग पुरावा म्हणून वापरलं तर परीक्षकाला फार कष्ट पडणार नाहीत. (१६३१ च्या एका छपाईत दहा आज्ञांपैकी व्यभिचाराच्या आज्ञेतला नकारच गळाला होता. मुद्रितशोधन करताना झोप आली की मला हे आठवतं.)

आता माझं आवडतं उदाहरण. पायचा इतिहास सांगताना १ राजे ७:२३ चा उल्लेख हटकून येतो. शलमोनाच्या मंदिरातलं ते ओतीव गोल पात्र, काठापासून काठापर्यंत १० हात, परीघ ३० हात. म्हणजे पाय बरोबर ३, यावरून थट्टाही पुष्कळ होते. हेच वचन गुड न्यूजमध्ये वाचा. तिथे व्यास १५ फूट आणि परीघ ४५ फूट. गुणोत्तर तेच राहिलं, मग बिघडलं काय? सार्थ अंक बिघडले. १० आणि ३० या उघड ढोबळ संख्या आहेत, 'साधारण दहा-तीस हात' या जातीच्या. १५ आणि ४५ दिसायला मोजून घेतल्यासारख्या वाटतात. अनुवादकाने वाचकाची सोय म्हणून एकक बदललं आणि मूळ मजकुरात नसलेली अचूकता आत शिरली. साध्या वाचकाला यात काहीच अडचण नाही, उलट पात्र केवढं ते त्याला चटकन कळतं. 'बायबलकारांना पाय माहीत होता का' असा प्रश्न घेऊन बसलेल्याला मात्र ही प्रत चालणार नाही. मत्तय २० मधल्या मजुरीचंही असंच. किंग जेम्समध्ये ती 'पेनी', एनआयव्हीत 'दिनार', एनआरएसव्हीत 'रोजची नेहमीची मजुरी'. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नाणं हवंय की मूल्य, यावर निवड ठरेल.

आणि ज्या तळटिपेपासून सुरुवात केली ती उत्पत्ती १:६. हिब्रू शब्द 'राकिया'. त्याच्या धातूचा अर्थ ठोकून पसरवणं, पत्रा ठोकतात तसं. म्हणून एनआरएसव्हीत 'घुमट', एनआयव्हीच्या २०११ च्या आवृत्तीत 'कमान-छत', तिच्याच १९८४ च्या आवृत्तीत 'विस्तार'. एकाच नावाच्या अनुवादाने सत्तावीस वर्षांत छत बांधलं, बघा! मराठीत बायबल सोसायटीच्या प्रचलित अनुवादात इथे 'अंतराळ' आहे. जुन्या मराठीच्या हिशोबाने तो शब्द वाईट नाही. पण आज 'अंतराळ' म्हटलं की आपल्याला इस्रो आठवते, पोकळी आठवते. मूळ कल्पना जवळजवळ उलटी आहे: वरचं पाणी अडवून धरणारं काहीतरी घट्ट. केवळ मराठी प्रतीवरून 'प्राचीन इब्री लोकांची अवकाशाची कल्पना' असं प्रकरण लिहिलं, तर अख्खं प्रकरण एका शब्दाच्या बदललेल्या अर्थावर उभं राहील आणि तोंडी परीक्षेत पहिल्या दहा मिनिटांत कोसळेल.

याचा अर्थ मराठी प्रती बाजूला ठेवा असा नाही. इथे एक भेद मनात पक्का हवा: बायबल तुमच्या कामात साधन आहे की विषय? साधन असेल तर टीपा असलेली अभ्यास आवृत्ती घ्या. एनआरएसव्हीवर आधारलेलं 'न्यू ऑक्सफर्ड ॲनोटेटेड बायबल' मला यासाठी सगळ्यात भरवशाचं वाटतं. हिब्रू भागासाठी ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीचा १९८५ चा अनुवाद सोबत ठेवा. पण विषयच मराठी असेल, तर जुना अनुवाद हाच तुमचा पुरावा. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये केलेलं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. अचूक बायबल म्हणून ते शिफारसपात्र आहे का, हा प्रश्नच चुकीचा आहे. संपूर्ण ग्रंथ मूळ भाषांतून मराठीत आणताना एका स्त्रीने कोणते शब्द स्वीकारले आणि कोणते टाळले, हे बघायला दुसरी जागा नाही. तसंच, बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) वाचताना शेजारी आजचं बायबल ठेवून शब्द जुळवण्यात हशील नाही. त्यांच्यासमोर त्या काळातली भाषांतरं होती. १८११ मध्ये श्रीरामपूरहून आलेल्या विल्यम कॅरीच्या नव्या करारापासून ही परंपरा सतत दुरुस्त होत आली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' ओघवतं आहे. पहिल्यांदाच बायबल वाचणाऱ्याने खुशाल तिथून सुरुवात करावी. फक्त शब्दाशब्दावर युक्तिवाद रचताना ते एकटं पुरणार नाही.

आणि कृपा करून 'ख्रिस्तपुराणा'ला पहिलं मराठी बायबल म्हणू नका. फादर स्टीफन्सचा १६१६ चा तो ग्रंथ ओवीबद्ध स्वतंत्र काव्य आहे, अनुवाद नव्हे.

संगणकवाल्यांसाठी शेवटचं. भारतीय भाषांचा समांतर कोश हवा की बायबल हाताशी येतं, कारण वचनांना क्रमांक आहेत, जुळणी आयती. हा आयतेपणा फसवा आहे. वचनांचे प्रचलित क्रमांक आले सोळाव्या शतकात आणि सगळीकडे ते सारखे नाहीत. हिब्रूत स्तोत्राचं शीर्षकही क्रमांकात धरतात, म्हणून ५१ व्या स्तोत्रात हिब्रूत २१ वचनं आणि इंग्रजीत १९. योएलचे अध्याय हिब्रूत ४, इंग्रजीत ३. मलाखीचं नेमकं उलटं. लॅटिन परंपरेत २३ वं स्तोत्र २२ वं होतं. कॅथलिक बायबलमध्ये ७३ पुस्तकं, प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६. शिवाय काही क्रमांक रिकामेच असतात. मत्तय १७:२१ किंग जेम्समध्ये आहे, एनआयव्हीच्या मजकुरात २० नंतर थेट २२ येतो आणि २१ तळटिपेत जातो. क्रमांकाऐवजी ओळी मोजून जोड्या लावल्यात, तर तिथून पुढची प्रत्येक ओळ एकाने सरकेल आणि प्रतिमान मन लावून चुकीचं शिकेल. मुक्त परवाना हवा असेल तर मराठीत इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन क्रिएटिव्ह कॉमन्सखाली उपलब्ध आहे. इतर आधुनिक अनुवादांचे हक्क राखीव असू शकतात, ते आधी तपासा. आणि काम सुरू करण्यापूर्वी तुमच्याकडच्या प्रत्येक फाइलमध्ये मत्तय १७:२१, प्रेषितांची कृत्ये ८:३७ आणि ५१ व्या स्तोत्राची वचनसंख्या बघून घ्या. पाच मिनिटं लागतात.