स्लॅबचं घर म्हणजे पक्कं घर?

घर बांधायला काढलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो "स्लॅब पडला का?" हा. मराठीत स्लॅब टाकला तरी 'पडतो' आणि कोसळला तरी 'पडतो'. पण पायाबद्दल कुणी विचारत नाही. भूमिपूजनाला एक नारळ फुटला की पाया आपल्या लेखी संपला. आजचा आमचा आक्षेप याच सवयीवर आहे. घर पक्कं की कच्चं हे आपण छताकडे बघून ठरवतो, आणि ती कसोटीच चुकीची आहे.

मराठवाड्यापुरतं बोलायचं तर या कसोटीला किल्लारीनं मोठं बळ दिलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. घरं जाड दगडी भिंतींची होती, पण दगड मातीत रचलेले. वर लाकडावर मातीचं जड छत, म्हणजे आपलं माळवद. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना धरून ठेवणारे आरपार दगड फार थोड्या ठिकाणी. हादऱ्यानं भिंती फुगल्या, फाटल्या, आणि छत अंगावर आलं. लोकांनी धडा घेतला तो असा : दगड-माती वाईट, सिमेंट चांगलं. पण माणसं मेली ती डोक्यावरच्या वजनानं आणि ते पेलणाऱ्या भिंतीत बांध नसल्यानं.

आता स्लॅबचं वजन बघा. पाच इंची स्लॅब चौरस मीटरला तीनशे किलोच्या वर भरतो. पाचशे चौरस फुटांच्या घरावर साधारण साडेचौदा टन. भूकंपाचा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे खाली जोत्याला आणि लिंटलला काँक्रीटचा सलग पट्टा नसेल, नुसत्या विटांच्या भिंतीवर स्लॅब टेकवला असेल, तर आपण माळवदाच्या जागी दुसरं वजन ठेवलं, एवढंच. आणि कॉलम-बीम उभे केले म्हणजे सुटलो, असंही नाही. २६ जानेवारी २००१ ला भूकंप कच्छमध्ये झाला, पण केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसी इमारती कोसळल्या. त्यातल्या कित्येकांच्या तळमजल्यावर पार्किंगसाठी भिंतीच नव्हत्या.

पायाकडे येऊ. काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर उथळ फूटिंग टाकलं तर घर दरवर्षी थोडं वर, थोडं खाली होत राहतं. मग भिंतीत तिरपी चीर येते आणि आपण प्लॅस्टरवाल्याला बोलावतो! खरा उपाय जमिनीखाली आहे. काळी माती काढून मुरुमापर्यंत जायचं, आणि मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले खांब घ्यायचे. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पहिली कात्री इथेच लागते. वरच्या एलिव्हेशनला मात्र पैसे निघतात.

स्लॅबच्या दिवशी काय चालतं ते तर आपण सगळ्यांनी पाहिलंय. सकाळी मिक्सर आणि लिफ्ट येते, दुपारपर्यंत निम्मं काम, संध्याकाळी जेवण. मजुरी चौरस फुटावर ठरलेली असते, मिक्सरचं भाडं दिवसाचं. त्यामुळे माल सरसर पसरला पाहिजे, आणि तो पसरायचा सोपा मार्ग म्हणजे पाणी. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी स्वतःच्या वजनाच्या साधारण पाव भागाइतकं पाणी लागतं. काम करता यावं म्हणून आपण निम्म्यापर्यंत जातो, म्हणजे पन्नास किलोच्या गोणीला पंचवीस लिटर. याच्यावर जे पडतं ते पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. त्या पोकळ्यांतून ओल सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज फुगतो, आणि काही वर्षांनी खालचा गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. तोवर त्या दिवशीचा ज्यादा पाण्याचा डबा कुणाच्या लक्षात नसतो. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही हिशेबात धरावं लागतं. आपल्याकडे ते कोण धरतं?

मिस्त्रीला शिव्या घालणं सोपं आहे. आम्हाला ते पटत नाही. दर ठरवताना आपण घासाघीस करतो, वेळ कापतो, आणि मग काळजीनं काम करायला सांगतो.

गॅलरीचं उदाहरण घ्या. आधाराबाहेर लोंबणाऱ्या स्लॅबमध्ये मुख्य सळई वरच्या अंगाला असावी लागते, कारण ताण वर येतो. फिटर ती बरोबर बांधून जातो. मग घमेली घेऊन माणसं तिच्यावरूनच ये-जा करतात, आणि सळई पायाखाली दबून मध्यावर, कधी तळाला जाते. खाली कव्हर ब्लॉकऐवजी खडीचे तुकडे, वरच्या जाळीला खुर्च्या नाहीत. काँक्रीट पडलं की सगळं झाकलं. गॅलरी सेंटरिंग काढल्यावर उभी राहते, म्हणून आपण निर्धास्त. आणि एखाद्या लग्नात तिच्यावर तीस माणसं उभी राहतात.

सरकारी घरकुल योजनेतही टप्प्याटप्प्याचे फोटो काढून पाठवायचे असतात. पैसे खाल्ले जाऊ नयेत यासाठी ती पद्धत बरी आहे. पण फोटोत छत दिसतं, पाणी किती घातलं ते दिसत नाही. जोतं दिसतं, त्याखाली काळी माती आहे की मुरूम ते दिसत नाही. तपासणीसुद्धा आपल्याच नजरेनं बघते.

स्लॅब पडल्यावरचे दिवस तर कुणाचेच नसतात. आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवायला सांगतं. फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला दहा. बाजारात आज मिळणाऱ्या गोण्या बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे दहाच धरा. दिवसातून दोनदा पाइप मारणं म्हणजे ओलं ठेवणं नव्हे. मराठवाड्याच्या एप्रिलमध्ये ते पाणी तासाभरात उडतं. मातीची आळी करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळा. टँकरचं पाणी विकत घ्यावं लागत असेल, तर स्लॅब पावसाळ्यानंतर टाका. मुहूर्त पुढे ढकलता येतो.

आणखी एक गोष्ट घरमालकाला स्वतः करता येते. काँक्रीट टाकताना त्याच मालातून पंधरा सेंटिमीटरचे तीन ठोकळे भरून ठेवायचे, पाण्यात बुडवून ठेवायचे, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या किंवा खाजगी प्रयोगशाळेत फोडून घ्यायचे. खर्च स्लॅबच्या जेवणापेक्षा कमी. आणि ठोकळे भरायचे आहेत हे मिस्त्रीला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत हात वर आहे, बोला.