युद्ध संपले, हुकूम उरला

वऱ्हाडातील दुसऱ्या महायुद्धाचा इतिहास आपण बेचाळीसच्या तुरुंगवासापाशी संपवतो. ते लेखन अपुरे आहे. तेव्हा अकोला जिल्ह्यात असलेल्या वाशीमलाही लागू असे अनेक हुकूम निघत होते. सैन्यभरती ऐच्छिक होती. पण १९४० च्या वटहुकुमाने कुशल कारागिरांना युद्धसाहित्याच्या कारखान्यांत सक्तीने नेता येई. १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले. कापूस पिकवणाऱ्या मुलखालाही त्यातून सूट नव्हती. टंचाईत नियंत्रण हवेच. मात्र युद्धानंतरही ते अधिकार १९४६ च्या ‘तात्पुरत्या’ कायद्यात आणि तिथून १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यात उतरले. २०२१ मध्ये तेलबियांवर साठामर्यादा आली, ती याच कायद्याखाली. आमच्या सोयाबीनच्या भावाचा इतिहास लिहिणाऱ्याने म्हणूनच सुरुवात महायुद्धापासून करावी.