चार्ली ब्राऊनचा चुकलेला विजय

चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० रोजी अमेरिकेतील सात वृत्तपत्रांतून सुरू झाली आणि १३ फेब्रुवारी २००० रोजी, म्हणजे शुल्झ यांच्या निधनाच्या दुसऱ्या दिवशी, तिचे अखेरचे चित्र छापून आले. या सुमारे पन्नास वर्षांतील १७,८९७ चित्रपट्ट्यांत चार्ली ब्राऊनला फुटबॉल एकदाही लाथाडता आला नाही. ऐन क्षणी लूसी तो काढून घेई. पतंग झाडात अडके. ज्या लाल केसांच्या मुलीवर त्याचा जीव जडला होता, तिचा चेहराही वाचकाला कधी दिसला नाही. बालवाङ्मयाच्या परिसरात अपयशाला इतक्या निष्ठेने जपणारी दुसरी निर्मिती सहजी आठवत नाही.

२०१५ साली ब्लू स्काय स्टुडिओने स्टीव्ह मार्टिनो यांच्या दिग्दर्शनाखाली या विश्वाचा संगणकनिर्मित चित्रपट केला. शुल्झ यांचे पुत्र क्रेग आणि नातू ब्रायन हे कॉर्नेलियस उलियानो यांच्यासह त्याचे पटकथाकार. वारशाविषयीचा आदर चित्रपटात जागोजागी जाणवतो. १९६५ च्या नाताळ-कार्यक्रमात बिल मेलेंडेझ यांनी शुल्झ यांच्या रेषेला जी किंचित अडखळती, मर्यादित गती दिली होती, ती येथे मुद्दाम राखली आहे. संगणकाला सहजसाध्य असलेला गुळगुळीतपणा टाळला आहे. भुवया म्हणजे नुसत्या शाईच्या रेघा. मोठ्या माणसांचे बोलणे पूर्वीप्रमाणेच ट्रॉम्बोनच्या सुरांतून येते. मेलेंडेझ २००८ साली निवर्तले, तरी स्नूपीचा आवाज त्यांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणांतून घेतलेला आहे. (स्नूपीच्या विमानयुद्धांचा भाग मात्र कंटाळवाणा होण्याइतका लांबला आहे.)

रूपाच्या बाबतीत इतकी सावध असलेली ही कलाकृती आशयाच्या बाबतीत मात्र ढळते. अखेरीस झाडात अडकलेला पतंग सुटतो आणि चार्लीला त्या मुलीपर्यंत ओढत नेतो. तिचा चेहरा प्रेक्षकाला दिसतो, आणि चार्ली आपल्याला का आवडतो हे ती त्याला सांगते. चुकून मिळालेले पैकीच्या पैकी गुण त्याने प्रामाणिकपणे नाकारले. बहिणीचा कार्यक्रम सावरण्यासाठी स्वतःच्या कार्यक्रमावर पाणी सोडले. म्हणजे त्याची प्रत्येक फजिती कुठेतरी जमेच्या बाजूस लिहिली जात होती, असे आता कळते. शुल्झ यांच्या मूळ पट्ट्यांत अशी वही कोणी ठेवलेली नव्हती. तेथे चांगुलपणाला साक्षीदार नसे आणि दुःखाला भरपाई नसे. तरीही तो मुलगा पुढच्या शरद ऋतूत पुन्हा चेंडूकडे धावत येई. त्या धावण्याला जो करुण-विनोदी अर्थ होता, तो बक्षीस मिळण्याची शक्यता नसल्यामुळेच होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की, १९७७ च्या दूरचित्रवाणी-कार्यक्रमात ही मुलगी आधीच दाखवली गेली होती आणि तो खुद्द शुल्झ यांनीच लिहिला होता. आक्षेप खरा आहे. परंतु त्यानंतरची तेवीस वर्षे स्वतःच्या हाताने रेखाटलेल्या पट्ट्यांत शुल्झ यांनी तिला चेहरा दिला नाही. १९९८ साली दाखवली तीही केवळ छायाकृती म्हणून. दूरचित्रवाणीसाठी केलेली तडजोड त्यांनी कागदावर येऊ दिली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

चित्रपटकर्त्यांनाही आपला शेवट पुरता मानवला नसावा. श्रेयनामावली सुरू झाल्यावर, प्रेक्षक खुर्च्यांवरून उठू लागलेले असताना, पडद्यावर लूसी पुन्हा एकदा चेंडू काढून घेते आणि चार्ली ब्राऊन पाठीवर आपटतो.