एका जपानी नदीचित्राचे शीर्षक

हिरोशिगे (१७९७–१८५८) याच्या ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ या मुद्राचित्रमालेतील पावसाचे चित्र १८५७ साली प्रसिद्ध झाले. सुमिदा नदीवरचा लाकडी पूल, त्यावरून अंग चोरून लगबगीने जाणारी माणसे, खाली पाण्यात एकटा तराफेवाला, पलीकडे करड्या छायेसारखा आताकेचा किनारा आणि या साऱ्यांवर तिरप्या उतरणाऱ्या बारीक काळ्या रेषा, एवढीच त्याची सामग्री. समीक्षक रचना व रंग यांविषयी पुष्कळ लिहितात. चित्रावरच छापलेल्या शीर्षकाचा विचार क्वचितच होतो.

‘पुलावर व आताकेवर अकस्मात आलेली सर’ अशा आशयाचे शीर्षक इंग्रजीत रूढ आहे. त्यात स्थळ हे केवळ अधिकरण ठरते. सर कोठूनतरी येते आणि जाते. मूळ शब्द आहेत ‘ओहाशी आताके नो यूदाची’. यातील ‘नो’ आपल्या षष्ठीचे कार्य करतो, आणि मराठीप्रमाणेच विशेष्य अखेरीस येते. ‘यूदाची’ म्हणजे उन्हाळ्यात दिवस कलताना एकाएकी कोसळणारा पाऊस. ‘वळीव’ हा शब्द त्याला पुष्कळच जवळचा आहे. मात्र वळीव मृगापूर्वीचा, यूदाचीला ते बंधन नाही. ‘ओहाशी-आताकेचा वळीव’ असे म्हटले की मूळचा अन्वय राहतो.

येथे कोणी म्हणेल, षष्ठीतही अधिकरणाची छटा असतेच. ती असते, पण ‘नागपूरचा उन्हाळा’ म्हणताना आपण नागपुरात पडणाऱ्या उन्हाची नोंद करीत नसतो, त्या गावाची ओळख सांगत असतो. स्थळांच्या मालिकेत हिरोशिगेने नेमके हेच केले आहे. येथे प्रेक्षणीय आहे तो पाऊस. म्हणूनच पूल चौकटीने कापला आहे, माणसे छत्र्यांआड लपली आहेत, किनारा पुसट आहे; नदीचे तर शीर्षकात नावही नाही.

व्हॅन गॉगने १८८७ मध्ये या चित्राची तैलरंगात प्रतिकृती केली आणि भोवतीच्या पट्टीत इतर जपानी चित्रांतील अक्षरे नक्षीसारखी भरली. अर्थापासून अक्षर तोडण्याचे हे स्वातंत्र्य चित्रकाराला शोभते. समीक्षकाला ते घेता येत नाही. परकीय कलाकृती आपल्यापर्यंत बहुधा इंग्रजीतून येते. परंतु तिच्या मूळ शब्दांना आपल्या व्याकरणात जवळची वाट असेल, तर ती आधी चालून पाहणे हे अभ्यासकाचे कर्तव्य होय.